गच्चीचं कुलूप

निलंग्याहून बसनं अर्धा-पाऊण तास आत गेलं की भागवतचं गाव लागतं. तिथल्या तळ्यात उन्हाळ्यात पोरं क्रिकेट खेळतात आणि पावसाळ्यात पाणी आलंच तर म्हशी डुंबतात. अशा गावचा माणूस समुद्रावर नोकरीला आहे म्हटलं की नवखी माणसं आधी हसायची आणि मग विचारायची, पोहायला तरी येतं का? भागवत खरं ते सांगायचा. विहिरीत येतं.

बारावीनंतर तो लष्कराच्या भरतीला गेला होता. छाती कमी भरली. हात हलवत गावात परतायची लाज वाटली, म्हणून मुंबईकडच्या एका जहाजाच्या शाळेत नाव घालून मोकळा झाला. वडील शेषेराव महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. घरचा ऊस, घरचं सोयाबीन, दारात बैल, आणि हे पोरगं पाण्यात कशाला चाललंय, हे त्यांना उमगेना. आई केवळाबाईनं तर टीव्हीवर समुद्र दिसला की तोंड फिरवायला सुरुवात केली. पण भागवत टिकला. डेक घासण्यापासून सुरू करून तो बोसन झाला. बोसन म्हणजे खलाशांचा मुकादम. जुनी माणसं त्याला सारंग म्हणत. वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर आणि उरलेले गावात, असा त्याचा संसार. बायको उज्वलानं तो निभावला आणि लेक वर्षाराणीला फोनच्या पडद्यावरचा बाप दाखवत वाढवलं.

त्या जहाजाच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या कप्तानानं पोरांना टायटॅनिकची गोष्ट सांगितली होती. नाव सगळ्यांनी ऐकलेलं होतं, पण कप्तानाची गोष्ट वेगळी होती. तो सांगायचा, की त्या बोटीवर दोन हजारांच्या वर माणसं होती आणि जीव वाचवायच्या होड्या होत्या निम्म्यांना पुरतील एवढ्याच. बरं, कायदा मोडला म्हणावं तर तसंही नाही; कायद्यानं लागत होत्या त्याहून जास्तच होड्या होत्या. कायदाच जुन्या, लहान बोटींच्या हिशोबानं केलेला. बर्फाचे इशारे दिवसभर येत होते. जवळच दुसरी एक बोट उभी होती, पण तिचा वायरलेसवाला यंत्र बंद करून झोपून गेलेला. एवढं सांगून कप्तान थांबायचा आणि मग म्हणायचा, की सगळ्यात वाईट गोष्ट पुढंच आहे. पहिली होडी खाली सोडली तेव्हा ती निम्मीसुद्धा भरलेली नव्हती. लोक चढेनात. दिवे लागलेली, ऊबदार, भक्कम बोट सोडून काळ्या पाण्यावर लोंबकळणाऱ्या होडीत कोण बसणार?

"होड्या वाढवणं सोपं होतं," तो म्हणायचा. "ते माणसानं केलं. पण माणसाला वेळेवर जागचं उठवणं, ते अजून कुणाला साधलेलं नाही."

भागवत तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्याला ते वाक्य म्हाताऱ्याची बडबड वाटली. पुढं नोकरीत त्या बुडालेल्या बोटीनं शिकवलेले नियम त्यानं रोज पाळले. प्रत्येकाची होडीतली जागा ठरलेली. बोटीचा रेडिओ क्षणभर बंद नाही. आणि सराव. सात छोटे भोंगे, एक लांब, की हातातलं काम टाकून अंगात जाकीट चढवायचं आणि होडीपाशी उभं राहायचं. मग हजेरी. मग परत कामाला. इतक्या वेळा केलं, इतक्या वेळा केलं, की भागवतला भोंगा ऐकू आला की जांभई यायची.

गेल्या वर्षीच्या बोटीवर त्याला जिवाभावाचा सोबती मिळाला. शिवमूर्ती नावाचा इलेक्ट्रिशियन, भालकीचा. निलंग्याची हद्द ओलांडली की कर्नाटक, आणि थोडं पुढं गेलं की भालकी. म्हणजे गाववालाच म्हणायचा. दोघं जेवायला एकत्र बसत. शिवमूर्ती निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायचा, आणि भागवतचा व्हिडिओ कॉल चालू असला की मध्येच तोंड घालून वर्षाराणीला विजेची गणितं समजावून सांगायचा. ती डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करायला लातूरला राहिलेली. तिच्या क्लासमधल्या सरांपेक्षा शिवमूर्तीकाकांचं लवकर कळतं, असं ती म्हणायची. बोटीवर खोटे अलार्म वाजायचे, ते बंद करायचं कामही याच्याकडेच. भटारखान्यात फोडणीचा धूर जास्त झाला तरी अलार्म वाजे आणि शिवमूर्ती पायात चपला सरकवून बटण दाबायला जाई. घंटेवर त्याचा विश्वास उरला नव्हता, आणि त्याला नावं ठेवायची सोय नव्हती. दहातल्या नऊ वेळा तोच खरा ठरायचा.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या बोटीनं पूर्वेकडच्या एका बंदरात लोखंडाची माती, म्हणजे कच्चं खनिज, भरली. पाऊस चालू असतानाच भरली. ओली माती बोटीच्या पोटात हलून हलून चिखल होते आणि चिखल पाण्यासारखा एका अंगाला धावतो, हे सगळ्यांना माहीत असतं. कागदावर माती कोरडी होती. बंगालच्या उपसागरात शिरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बोट डावीकडं कलली. बोट कलतेच, त्यात काही नवल नाही. भागवत मेसमध्ये चहा पीत होता. कप घसरला, तो त्यानं धरला, आणि बोट परत सरळ व्हायची वाट बघत बसला. ती झाली नाही.

भोंगा वाजला. भागवतच्या मनात पहिला विचार आला तो असा, की कप्तानाला आजच सराव कुठून सुचला. तो उठला, पण घाईनं नव्हे. जाता जाता त्यानं शिवमूर्तीच्या केबिनच्या दारावर थाप मारली. शिवमूर्ती रात्रपाळी करून आडवा झालेला. आतून आवाज आला, "बंदे." म्हणजे कानडीत 'आलो'. भागवत पुढं गेला.

बोटीच्या मागच्या टोकाला केशरी रंगाची बंद होडी असते. आत बसायचं, पट्टे बांधायचे, आणि कप्तानानं कडी सोडली की होडी घसरगुंडीवरून घसरावी तशी थेट समुद्रात पडते. भागवत तिथं पोचेपर्यंत डेक इतका तिरका झाला होता की कठडा धरून चढावं लागलं. तेव्हा कुठं त्याला कळलं, की हा सराव नव्हे. सगळे आपापल्या जागी बसले. हजेरी झाली. एक जागा रिकामी, शिवमूर्तीची. सेकंड ऑफिसर, केरळचा तरुण माणूस, पट्टा सोडून परत आत धावला आणि थोड्याच वेळात परतला. त्याच्या चेहऱ्यावर रक्त होतं. आतली वाट कलंडली होती, भिंत खाली गेली होती आणि दरवाजे डोक्यावर आले होते. त्यानं हाका मारल्या. उत्तर आलं नाही. कप्तान आणखी थांबला, जेवढं थांबता येईल तेवढं. मग त्यानं कडी सोडली.

होडी पाण्यातून वर आली तेव्हा खिडकीतून भागवतनं बोटीकडं पाहिलं. तेवढी मोठी बोट, जिच्यावर तो सहा महिने राहिला, एखाद्या दमलेल्या जनावरासारखी कुशीवर झाली आणि गेली. फार आवाजही झाला नाही. दुपारपर्यंत दुसऱ्या जहाजानं येऊन सगळ्यांना उचललं. त्या जहाजाचा रेडिओ चालू होता. कधीकाळी एका बोटीचा बंद होता म्हणून आज कुणाचाच बंद नसतो, हे भागवतला त्या जहाजाच्या डेकवर घोंगडी पांघरून बसल्यावर आठवलं.

विशाखापट्टणमहून नांदेडची गाडी. सोबत कंपनीचा माणूस होता. तो सारखा पाणी देत होता, बोलत होता. भागवत हो-ना करत होता. मुदखेडला गाडी थांबली आणि शेजारच्या रुळावरच्या इंजिनानं शिट्टी दिली. भागवत बर्थवरून उठला, समोरच्या म्हातारीचं गाठोडं लाथाडून दाराकडं पळाला आणि फलाटावर उतरून उभा राहिला. तिथं कुणी हजेरी घेणारं नव्हतं. चहावाला त्याच्याकडं बघत राहिला. कंपनीच्या माणसानं हाताला धरून त्याला परत आत नेलं. नांदेडला उज्वला आणि शेषेराव घ्यायला आले होते. शेषेरावांनी लेकाला पाहिलं आणि त्याचं मनगट धरलं. स्टेशनच्या बाहेर रिक्षात बसेपर्यंत सोडलं नाही.

गावात माणसं भेटायला येत. भागवत सगळ्यांना एकच सांगायचा, बोट बुडाली, एक माणूस गेला, झोपेत होता. घरातही त्यानं तेवढंच सांगितलं.

पंधरवड्यानं तो भालकीला शिवमूर्तीच्या घरी गेला. शिवमूर्तीची आई कमलम्मा ओट्यावर बसली होती. देह मिळाला नव्हता, त्यामुळं तिच्या दृष्टीनं अजून काहीच पुरतं घडलेलं नव्हतं. तिनं त्याला जेवायला वाढलं. समोर बसली. मग विचारलं, की तम्मा, बाळा, धोका झाला की घंटा वाजवतात म्हणे. त्या दिवशी वाजली नव्हती का?

"वाजली होती, अम्मा."

"मग त्याला ऐकू आली न्हाई?"

भागवतनं घास पाण्यासोबत गिळला. झोपेत होता असं तो म्हणू शकला असता; सगळीकडं तेच म्हणत होता. पण ती बाई त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"आली होती," तो म्हणाला. "मी दार वाजवलं. बंदे म्हणला."

कमलम्मानं तांब्या उचलून त्याच्या पेल्यात पाणी ओतलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, की लहानपणापासून तसाच. हाक मारली की आलो म्हणायचा आणि यायचा नाही. ती रडली नाही. ताटातली भाकरी संपली होती, तिनं दुसरी आणून घातली. भागवतला ती खावी लागली.

गणपती झाल्यावर भागवत आणि उज्वला लेकीला भेटायला लातूरला गेले. वर्षाराणी परीक्षांमुळं गावी एकच दिवस येऊन गेली होती. तिच्या वसतिगृहात भागवत पहिल्यांदाच जात होता. प्रवेश घेतला तेव्हा तो समुद्रावर होता. उज्वलाच्या हातात डबा, धपाटे आणि शेंगाची चटणी. क्लासेसच्या गल्लीत चार मजली इमारत, दाराशी लोखंडी शटर, शटर अर्धं वर आणि कुलूप वॉचमनच्या हातात.

भागवत आत शिरला आणि पाय रोवल्यासारखा उभा राहिला. बोटीवर नव्या माणसाला पहिल्या दिवशी जे बघायला शिकवतात तेच त्याचे डोळे बघू लागले. जिना एकच. जिन्याखाली इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, त्यांना टेकून स्कूटी, आणि पलीकडं मेसचे गॅसचे सिलिंडर. वर जाताना प्रत्येक खिडकीला जाड जाळी, भिंतीत पक्की बसवलेली. खोल्या पोरींनी गच्च भरलेल्या. सगळ्यात वर गच्चीचं दार आणि दाराला वीतभर कुलूप. किल्ली रेक्टर मॅडमकडं. मॅडम सुट्टीवर. दुपारी अभ्यासाच्या वेळेत खालचं शटरही बंद असतं, असं वॉचमननं अभिमानानं सांगितलं. पोरी एकदम सेफ, म्हणाला.

भागवत जिन्यात बसला. उज्वलाला वाटलं त्याला चक्कर आली.

वसतिगृहाचे मालक गुरुलिंगअप्पा तळमजल्यावरच राहत. निवृत्त मुख्याध्यापक, कपाळावर विभूती, बोलणं मऊ. त्यांनी चहा मागवला. भागवतनं कप हातात घेतला नाही. खाली जिन्यात धूर झाला तर पोरी कुठून निघतील, एवढंच त्यानं विचारलं. अप्पांनी विचार केला. शटर उघडू, म्हणाले. आणि शटरच्या अलीकडंच आग असेल तर? मग गच्चीवर जातील. किल्ली? ती मॅडमकडं, म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांना खरंच हे सुचलेलं नव्हतं. मग जरा वेळानं ते म्हणाले, की कुलूप काढायला त्यांची ना नाही, पण उद्या सकाळी पालकांचे फोन सुरू होतील. गच्चीला लागून पलीकडं मुलांचं वसतिगृह आहे. पालकांना कुलूप पाहिजे असतं.

"आणि भागवतराव, राग मानू नका. प्रवेशाच्या वेळी सगळ्यात आधी कुलुपाचं तुम्हीच विचारलं होतं."

"मी?" भागवतनं विचारलं.

"तुम्ही फोनवर होता, ताई इथंच बसल्या होत्या. शटरला कुलूप असतं का, खिडक्यांना जाळ्या आहेत का, गच्ची बंद असते का. मी हो म्हणालो. मग हेच पक्कं करा, म्हणालात."

उज्वला खाली बघत होती. तिला सगळं आठवत होतं. शिवाजी चौकापलीकडं एक दुसरी जागा तिनं पाहिली होती, पुढं अंगण, मागं दार, माणसं येती-जाती. तिला ती आवडली होती. भागवतनं सिंगापूरजवळ नांगर टाकलेल्या बोटीवरून नको सांगितलं होतं. ज्या बोटीवर त्याची स्वतःची जागा ठरलेली होती, जाकीट खुंटीला होतं, बाहेर पडायच्या वाटेवर अंधारात चमकणारे बाण रंगवलेले होते, त्या बोटीवर उभं राहून त्यानं लेकीसाठी कुलूप निवडलं होतं. त्याला समुद्रात वाटली नव्हती तेवढी भीती आता वाटली, आणि ती त्याला स्वतःबद्दल वाटली.

तो त्या दिवशी गावी परतला नाही. लातुरात उज्वलाच्या भावाकडं राहिला आणि रोज अप्पांकडं जाऊन बसू लागला. शेवटी अप्पांनी दोन गोष्टी मान्य केल्या. जिन्याखालचं सामान आणि सिलिंडर मागच्या शेडमध्ये हलवायचे, आणि एका रविवारी सराव घ्यायचा. सकाळी पोरींना सांगायचं, की आज केव्हा तरी घंटा वाजेल. वाजली की हातातलं टाकून समोरच्या रस्त्यावर यायचं. अप्पांनी आपल्या जुन्या शाळेची पितळी घंटा कुठून तरी मिळवली.

दुपारी भागवतनं ती स्वतः वाजवली. आधी काहीच झालं नाही. मग वरून हसण्याचा आवाज आला. काही पोरी उतरल्या, हातात मोबाइल, व्हिडिओ काढत. एक जण अर्ध्या जिन्यातून चार्जर आणायला परत गेली. एक जण केसांना मेंदी लावलेली म्हणून दारातच उभी राहिली. रस्त्यावर जमलेल्या पोरी अप्पांनी मोजल्या. निम्म्याहून थोड्या जास्त भरल्या. अप्पा हसून म्हणाले, की चला, पहिल्यांदा म्हणजे बरंच झालं.

भागवत त्या गर्दीत एकच तोंड शोधत होता. ते नव्हतं.

तो जिना चढला. वर्षाराणीच्या खोलीचं दार उघडंच होतं. ती टेबलापाशी वाकून बसली होती, कानांत बोळे, समोर सरावपरीक्षेचा कागद, आणि गोल काळे करत होती. बाप दिसल्यावर तिनं बोळे काढले.

"पप्पा, टेस्ट चालू हाय माझी. थोडीच राहिली. नुसता सराव हाय ना? आले असते की."

भागवत तिच्या कॉटवर बसला. रागवायचं म्हणून आला होता, पण राग कुठं गेला ते त्याला कळलं नाही. आले असते की. तोच आवाज, तशीच घाई नसलेली खात्री. तो तिच्याकडं असं बघत होता की वर्षाराणी घाबरली. तिनं विचारलं, काय झालं?

"तुझे शिवमूर्तीकाका झोपेत गेले न्हाईत," तो म्हणाला.

तिला कळेना.

"जागे होते. मी दार वाजवलं होतं. आलो म्हणले आतून. मला वाटलं येतील. मलाबी तो सरावच वाटला होता, बाई. मी थांबलो न्हाई."

वर्षाराणीच्या हातातलं पेन टेबलावरून घरंगळलं आणि खाली पडलं. तिनं ते उचललं नाही. काकांनी शेवटचं गणित तिला अर्धवट समजावलं होतं, पुढचं उद्या सांगतो म्हणाले होते. तो उद्या कोणता होता हे ती मनात मोजत असावी. मग ती उठली, चपला न घालता जिना उतरली आणि रस्त्यावर जाऊन त्या पोरींमध्ये उभी राहिली. घंटा बंद होऊन बराच वेळ झाला होता. बाकीच्या पोरी परत वर निघाल्या होत्या. ही एकटी उन्हात उभी, आणि तिच्याकडं बघून हळूहळू त्याही थांबल्या.

तिनं त्यांना काय सांगितलं ते भागवतला नीट कळलं नाही. पण पुढच्या रविवारी, कुणालाही न सांगता घंटा वाजवली, तेव्हा जिन्यात हसण्याचा आवाज नव्हता. धडधड पावलं वाजली. शिवांगी नावाची एक बारीकशी पोरगी अंगावर साबण तसाच, वरून गाऊन घालून, ओल्या केसांनी खाली आली आणि लाजेनं मैत्रिणीच्या मागं लपली. भागवत तिला नमस्कार करायचा बाकी राहिला.

कुलपाचं मात्र सरळ झालं नाही. अप्पांनी गच्ची उघडी ठेवायला सुरुवात केली आणि चार दिवसांत पालक जमले. कुणी औशाहून, कुणी अहमदपूरहून. एक जण म्हणाला, की आग लागली तर लागेल कधी तरी, पण पोरीची काळजी रोजची असते. तुम्ही बोटीवरची माणसं, तुम्हाला इथली हवा काय कळणार? तो माणूस जे बोलत होता तेच भागवतनं स्वतः फोनवर सांगितलं होतं. उत्तर उज्वलानं दिलं. ती उठून उभी राहिली, पदर सावरला आणि म्हणाली, "भीती मलाबी रोजची हाय, भाऊ. पण ज्या दाराची किल्ली माझ्या पोरीपाशी न्हाई, त्या दाराआड तिला ठिवून मला झोप कशी यील?"

कुणाचं मन लगेच पालटलं असं नाही. दोन पोरींना त्यांच्या बापांनी त्याच आठवड्यात दुसरीकडं हलवलं. मग अप्पांनी एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याला गाठलं आणि गच्चीच्या दाराला आतून ढकलली की उघडणारी आडवी पट्टी करून घेतली. बाहेरून दार उघडत नाही. आतून उघडलं की अप्पांच्या खोलीत आणि रेक्टरच्या खोलीत घंटा ठणाणते. पहिल्या महिन्यात पोरींनी वाळत घातलेले कपडे काढायच्या निमित्तानं ती कितीदा तरी वाजवली आणि अप्पा कितीदा तरी जिना चढून वर गेले. न चुकता गेले. घंटा झाली आणि आपण गेलो नाही, असं एकदाही होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

गल्लीतल्या इतर वसतिगृहांतही भागवत जाऊन आला. एका ठिकाणी त्याला चहा मिळाला, दुसऱ्या ठिकाणी दारातूनच वाटेला लावलं. एका बाईनं सांगितलं, की असल्या गोष्टींनी मुली घाबरतात आणि मार्क कमी होतात. दोघांनी मात्र अप्पांकडं येऊन पट्टी बघितली आणि फॅब्रिकेशनवाल्याचा पत्ता नेला. दोन. एवढ्या मोठ्या गल्लीत.

संक्रांतीनंतर भागवत पुन्हा बोटीवर गेला. केवळाबाईनं दोन दिवस अन्न सोडलं. शेषेराव मात्र या खेपेला म्हणाले, की जाऊ दे त्याला. तिकडं निदान माणसाला मोजून घेतात.

उन्हाळ्यात, नव्या प्रवेशांच्या दिवसांत, त्याची बोट श्रीलंकेच्या एका बंदरात लागली होती. संध्याकाळी अप्पांचा फोन आला. इकडतिकडचं झाल्यावर अप्पांनी सांगितलं, की सकाळी एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. चांगले होते, मास्तर होते कुठले तरी. खोली आवडली, मेस आवडली. शेवटी विचारलं, गच्चीला कुलूप असतं ना? मी त्यांना वर नेलं, पट्टी दाखवली, घंटा वाजवून दाखवली, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि समोरच्या वसतिगृहात प्रवेश घेतला. तिथं कुलूप आहे.

अप्पांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. जागा काय, भरेलच, म्हणाले.

भागवत कठड्याशी उभा होता. खाली बंदरातलं पाणी तेलकट, शांत. त्याला वाटलं होतं आपल्याला आता कशाचा धक्का बसणार नाही. ज्या मुलीचं नावही त्याला ठाऊक नव्हतं ती या क्षणी समोरच्या इमारतीत, कुलपाआड, आपली पुस्तकं फळीवर लावत असेल. आणि तिचा बाप बसमध्ये खिडकीशी बसून निवांत असेल, की चला, पोरगी सुरक्षित जागी पोचली.

"अप्पा," तो म्हणाला, "त्या मास्तरांचा नंबर हाय का तुमच्याकडं?"

अप्पा म्हणाले, चौकशीच्या वेळी दिला होता, शोधतो. मग कागद चाळल्याचा आवाज आला, आणि अप्पा एकेक आकडा सावकाश सांगू लागले.